मैदानाचं आरक्षण उठवण्यावर हरकत : कामाच्या नोंदी

आमचं शहर नाशिक विभागातलं, नगरपरिषदेचं. मंजूर विकास योजनेत खेळाच्या मैदानासाठी राखलेली जवळपास अडीच एकर जागा आरक्षणातून वगळून रहिवास विभागात घालायचा प्रस्ताव निघाला. त्यावर आम्ही आजूबाजूच्या लोकांनी हरकत घेतली. त्या काळात वहीत लिहिलेल्या नोंदी इथे देते आहे. ज्यांच्या गावात असंच काही चालू असेल त्यांना कुठे वेळ जातो आणि कशाला वजन येतं हे आधी कळावं, एवढ्यासाठी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. इमारतीची परवानगी देताना शेजारपाजारच्यांकडून हरकती मागवायची पायरी आपल्याकडे नाही. एकदा जागा रहिवास विभागात गेली की पुढचा सगळा व्यवहार मालक आणि नगरपरिषद यांच्यातला. सामान्य माणसाला बोलायची जागा मिळते ती आरक्षण बदलताना, आणि तीही एक महिना.

१७ जून २०२३

स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर, लग्नाच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या मध्ये, नगरपरिषदेची जाहीर सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७(१) अन्वये फेरबदल. गट नंबर आहे, आरक्षण क्रमांक आहे, मैदानाचं नाव नाही. आम्ही ज्याला 'मोठं पटांगण' म्हणतो ती हीच जागा, हे त्या मजकुरावरून कुणालाही कळलं नसतं. विकास योजनेच्या नकाशाची झेरॉक्स एका शेजाऱ्यांकडे होती, तिच्यावर आरक्षण क्रमांक जुळवला तेव्हा खात्री पटली.

सूचना कापून घेतली. मागे पेपरचं नाव आणि तारीख लिहिली.

१८ जून

हरकतीची मुदत 'राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एक महिना' आहे, पेपरात आल्यापासून नाही. म्हणून राजपत्र शोधणं हे पहिलं काम. शासकीय मुद्रणालयाच्या राजपत्र संकेतस्थळावर भाग एक, नाशिक विभागीय पुरवणी उघडून मागचे अंक पाहत गेले. शोधात गट नंबर टाकून काही सापडत नाही, कारण पानं चित्रासारखी चढवलेली असतात. शेवटी एकेक अंक डोळ्यांनी वाचून काढला. सूचना सापडली.

पुरवणीच्या डोक्यावर 'गुरुवार ते बुधवार' असा आख्खा आठवडा छापलेला असतो. मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची यावर नंतर वाद नको म्हणून आम्ही आठवड्यातला पहिला दिवस धरला, ८ जून. म्हणजे ७ जुलैच्या आत हरकत आत गेली पाहिजे. पेपरच्या तारखेवर विसंबलेला माणूस इथेच आठवडाभर मागे पडतो.

१९ जून, सोमवार

माहिती अधिकाराचा अर्ज न करताही अभिलेख पाहता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्य शासनाचं २६ नोव्हेंबर २०१८ चं परिपत्रक आहे : दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यायचे. परिपत्रकाची प्रत घेऊन गेले.

नगररचना विभागात सांगितलं, नस्ती (म्हणजे या प्रकरणाची फाइल) साहेबांकडे आहे, साहेब बैठकीला गेलेत. परिपत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि पुढच्या सोमवारी या म्हणाले. मी तिथेच अर्ज लिहून दिला : 'आज अभिलेख पाहण्यास उपलब्ध झाला नाही, २६ जून रोजी उपलब्ध करून द्यावा.' आवक विभागातून पोच घेतली. महिन्यातला एक आठवडा असा गेला. पण त्या पोचेमुळे पुढच्या खेपेला नस्ती टेबलावर काढून ठेवलेली मिळाली.

सूचना फलकावरच्या भाग नकाशाचा फोटो काढला. नकाशावर प्रमाण दिलेलं नाही.

२० जून

माहिती अधिकाराचा अर्जही टाकून ठेवला. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. मागितलं एवढंच : या फेरबदलाच्या नस्तीतल्या टिपणी, ठराव आणि पत्रव्यवहाराच्या प्रती.

उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि आमची मुदत त्याआधी संपते. म्हणजे ही माहिती हरकतीसाठी नाही, सुनावणीसाठी. हे दोन हिशेब वेगळे ठेवले नाहीत तर माणूस माहितीची वाट पाहत बसतो आणि मुदत निघून जाते. शेजारच्या तालुक्यात एका उद्यानाच्या आरक्षणाबाबत तसंच झालं होतं.

२६ जून, सोमवार

नस्ती पाहिली. एवढ्या कामातली सगळ्यात मोलाची दुपार.

मालकाचा अर्ज आहे. विकास योजना मंजूर होऊन दहा वर्षांहून जास्त काळ उलटला, जागा संपादन झाली नाही, म्हणून आरक्षण वगळावं. त्यावर कार्यालयीन टिपणी, आणि मग प्रशासकांचा ठराव. निवडून आलेल्या सदस्यांची मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, त्यामुळे सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकांकडेच आहेत. नगरसेवकांची सभा असती तर निदान या विषयावर चर्चा झाली असती, इतिवृत्तात कुणी बाजूने, कुणी विरोधात बोललं हे राहिलं असतं. इथे एका पानाचा ठराव आहे. पुढे हरकतींवर सुनावणीही त्याच पातळीवर होणार. ही गोष्ट मला मनापासून खटकली आणि ती हरकतीत लिहायची असं तेव्हाच ठरवलं.

टिपणीत तीन कारणं दिली आहेत :

पहिलं, नगरपरिषदेची आर्थिक स्थिती पाहता भूसंपादन शक्य नाही. दुसरं, लगत एका शाळेचं मैदान उपलब्ध असल्याने परिसराची गरज भागते. तिसरं, जागा सध्या पडीक असून वापरात नाही.

प्रती मागितल्या तर अर्ज करा म्हणाले. म्हणून तिन्ही कारणं शब्दशः उतरवून घेतली, पान क्रमांकासकट. वही आणि पेन बरोबर हवंच.

२७ जून ते २ जुलै

आता त्या तीन कारणांना जागेवर जाऊन तपासणं.

शाळेचं मैदान खासगी संस्थेचं आहे. फाटक शाळा सुटल्यावर बंद होतं, सुट्टीत पूर्ण बंद. फाटकावर 'परवानगीशिवाय प्रवेश नाही' अशी पाटी आहे. पाटीचा आणि कुलपाचा फोटो घेतला, वर्तमानपत्राची त्या दिवशीची प्रत शेजारी धरून. मोबाइलच्या फोटोतली तारीख बदलता येते असं कुणी म्हणू नये म्हणून. शिवाय विकास योजनेच्या अहवालात ती जागा सार्वजनिक मैदान म्हणून धरलेलीच नाही, शाळेच्या वापराची जागा म्हणून आहे. म्हणजे नगरपरिषदेच्याच अहवालाशी टिपणी जुळत नाही. हा आमचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरला आणि तो मिळाला तो अहवालाच्या मागच्या तक्त्यांतून. मंजूर विकास योजनेचा अहवाल मागून वाचायला घ्या. नकाशा सगळे पाहतात, अहवाल कुणी उघडत नाही.

'पडीक' म्हणाल तर सकाळी चालणाऱ्या बायका, संध्याकाळी कबड्डीची पोरं, रविवारी क्रिकेट. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे तिथेच धावतात, कारण शहरात दुसरीकडे मोकळी जागा नाही. आषाढीला आसपासच्या वाडीवस्तीचे वारकरी तिथेच जमले. वेगवेगळ्या वेळांचे फोटो घेतले आणि प्रत्येकामागे वेळ लिहिली.

ओढ्याचा मुद्दा मात्र टिकला नाही. जागेच्या एका कडेने ओढा जातो, पावसात तिथे पाणी साचतं, आणि बऱ्याच जणांना 'पुराची जागा' हा मुख्य मुद्दा करायचा होता. पण पाटबंधारे विभागाने तिथे पूररेषा आखलेली नाही. आखलेली रेषा नसेल तर 'पाणी येतं' हे फक्त आमचं म्हणणं राहतं, आणि एक कच्चा मुद्दा बाकीच्या पक्क्या मुद्द्यांनाही पातळ करतो. तो हरकतीत एका ओळीवर आणला. यावर रात्री बरीच वादावादी झाली.

३ जुलै

मसुदा. पहिला मसुदा चार पानांचा होता. त्यात मालकामागे कोणता बिल्डर आहे, कोणाचे कोणाशी संबंध आहेत, मागच्या निवडणुकीत काय झालं, सगळं होतं. आमच्याकडे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांनी वाचून कागद परत दिला.

"आरोप काढा. गट नंबर, आरक्षण क्रमांक, पान क्रमांक राहू द्या. उद्या हे मंत्रालयात एखादा कक्ष अधिकारी वाचेल, त्याला तुमच्या गावातली भांडणं माहीत नाहीत."

आरोप काढले. जे सिद्ध करता येत नाही ते लिहून अब्रुनुकसानीची नोटीस ओढवून घेण्यात अर्थ नव्हता, आणि हरकतीचा निर्णय हेतूंवर होत नाही, जागेवर होतो.

दुसरा मसुदा दीड पानाचा. रचना अशी : वर विषयात राजपत्राची तारीख, गट नंबर, आरक्षण क्रमांक. मग मुद्दे.

कलम ३७ खाली फेरबदल करता येतो तो योजनेचं मूळ स्वरूप न बदलणारा. या भागातलं एकमेव सार्वजनिक मैदान काढून टाकणं हा त्या प्रकारात बसत नाही. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक तत्त्वांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. आमच्या विकास योजनेच्या स्वतःच्या तक्त्यात मोकळ्या जागा त्याहून पुष्कळ कमी, आणि त्यातून हीही वजा होणार. शाळेचं मैदान सार्वजनिक नाही. जागा पडीक नाही. संपादनाला पैसे नाहीत हे कारण अपुरं आहे, कारण कलम १२६ खाली रोख मोबदल्याशिवाय विकास हक्क हस्तांतरणानेही (पैशांऐवजी बांधकामाचे, विकता येणारे हक्क देऊन) जागा घेता येते आणि तो पर्याय तपासल्याची एकही टिपणी नस्तीत नाही. ठराव करणारे आणि हरकती ऐकणारे एकच असू नयेत.

शेवटी : 'मला समक्ष सुनावणी मिळावी.' ही ओळ प्रत्येकाच्या अर्जात घातली.

सह्यांची मोहीम काढायची असं आधी ठरलं होतं. ती सोडली. एका कागदाखाली कितीही सह्या असल्या तरी आवक रजिस्टरला तो एक कागद. छापील नमुन्याच्या प्रतीही एकत्र करून एकाच वाक्यात निकालात काढल्या जातात. म्हणून वरचे मुद्दे समान ठेवून प्रत्येकाने स्वतःचा एक परिच्छेद स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हाताने लिहायचा. कबड्डी शिकवणाऱ्या दादांनी संघाच्या सरावाच्या वेळा लिहिल्या. समोरच्या मावशींनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि रस्त्यावर फूटपाथ नाही, हे लिहिलं. ते वाचायला कुणालाही वेळ द्यावासा वाटेल.

खर्च : टायपिंग पानाला ३० रुपये, नकाशाच्या मोठ्या रंगीत प्रती ४० रुपयांना एक, बाकी झेरॉक्स. तो वर्गणीतून भागला.

५ जुलै

अर्ज द्यायला गेलो. आवक विभागात सांगितलं, "मालक किंवा लगतचे जमीनधारक नसाल तर हरकत घेता येत नाही."

याची तयारी होती. कलम ३७(१) ची छापील प्रत पुढे ठेवली. त्यात हरकती 'कोणत्याही व्यक्तीकडून' मागवायच्या आहेत. बाधित व्यक्तींना वेगळी नोटीस द्यायची आणि त्यांना ऐकून घ्यायचं, ही त्याशिवायची तरतूद. त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं आणि अर्ज घेतले. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. ज्या मावशी एकट्या आदल्या दिवशी गेल्या होत्या त्यांना परत पाठवलं गेलं होतं, त्या पुन्हा आमच्याबरोबर आल्या. कायद्याचं ते एक पान खिशात नसतं तर किती जण तसेच परत गेले असते, हा विचार मनातून जात नाही.

त्याच दिवशी एक संच स्पीड पोस्टानेही पाठवला.

७ जुलै

मुदतीचा शेवटचा दिवस. बाहेरगावी नोकरीला असलेल्या दोघांनी ईमेलने पाठवलेल्या हरकतींची पोच आली नाही. त्यांच्या छापील प्रती कुरिअरने आधीच मागवून ठेवल्या होत्या, त्या दुपारी दिल्या. ईमेलवर विसंबू नका.

२४ जुलै

माहिती अधिकाराचं उत्तर. पानाला २ रुपये भरून प्रती घेतल्या. वहीत उतरवलेलं सगळं जुळलं. एक नवीन कागद मिळाला : आधीच्या मुख्याधिकाऱ्यांच्या काळातलं पत्र, ज्यात हीच जागा मैदान म्हणून विकसित करायला निधी मागितला होता. म्हणजे तेव्हा नगरपरिषदेला ही जागा हवी होती. सुनावणीच्या संचात सर्वांत वर.

११ सप्टेंबर

सुनावणीची नोटीस आली. तारीख १४ सप्टेंबर, सकाळी ११. हातात तीन दिवस. १४ ला पोळा. हरकत घेणाऱ्यांतले निम्मे शेतकरी कुटुंबांतले, त्या दिवशी बैल सोडून कोण येणार. तारीख बदलून मिळावी असा लेखी अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला, कारण स्पष्ट लिहून. तोंडी विनंती करायची नाही, आणि न जाऊन निषेधही करायचा नाही. गैरहजर राहिलं की 'हरकतदार उपस्थित नाहीत' एवढं लिहून नस्ती पुढे जाते. त्यामुळे तारीख बदलेपर्यंत १४ ला जाणारे चौघे ठरवून ठेवले होते.

तारीख बदलली. गणपती झाल्यावर, ५ ऑक्टोबर.

५ ऑक्टोबर

सुनावणी. प्रत्येकाला पाचेक मिनिटं. आधीच वाटून घेतलं होतं : एकाने एकच मुद्दा, कागद दाखवत, पुनरुक्ती नाही. शाळेच्या फाटकाचा फोटो आणि अहवालातला तक्ता शेजारी शेजारी ठेवल्यावर खोलीतलं बोलणं थांबलं. त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

मी सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगळूरचा निकाल मांडला, बँगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा. राजमहाल विलास एक्स्टेन्शनमधली उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला दिली होती, रहिवासी न्यायालयात गेले, ते वाटप रद्द झालं, आणि मोकळ्या जागेसाठी रहिवाशांना दाद मागता येते हे न्यायालयाने मान्य केलं. निकालाची प्रत लेखी म्हणण्याला जोडली. वाचून दाखवायला वेळ मिळत नाही, जोडलेलं मात्र नस्तीत राहतं.

मालकांच्या बाजूने त्यांचे वास्तुविशारद बोलले आणि मग स्वतः मालक. वडिलांच्या वेळेपासून जमीन अडकली आहे. विकता येत नाही, बांधता येत नाही, मोबदल्याचा रुपया नाही, मुलीच्या लग्नाला दुसरं शेत विकावं लागलं. ते बोलत होते तेव्हा आमच्यातलंही कुणी मान वर करत नव्हतं. त्यांचं दुःख खरं आहे. आरक्षण टाकून वर्षानुवर्षं पैसे न देणं हा अन्याय आहे, आणि त्याची भरपाई मुलांचं मैदान देऊन करणं हा दुसरा. मी उठून एवढंच सांगितलं की आमची हरकत त्यांच्या मोबदल्याला नाही, त्यांना पूर्ण मोबदला मिळावा हीच आमचीही मागणी नोंदवून घ्या.

त्यांच्या वास्तुविशारदांनी एक मुद्दा बरोबर मांडला : आमच्याएवढ्या शहरात विकास हक्क हस्तांतरणाला गिऱ्हाईक नाही, कागदावर मिळालेले हक्क विकत घेणार कोण? याला आमच्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मोठ्या शहरांतला तोडगा इथे तसाच लागू होत नाही. ज्यांना हरकतीत हा पर्याय लिहायचा आहे त्यांनी आधी आपल्या शहरात असे व्यवहार झालेत का हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं.

निघताना सगळ्यांची लेखी म्हणणी देऊन पोच घेतली. हजेरीपटाचा फोटो घेतला.

१६ ऑक्टोबर ते २७ डिसेंबर

सुनावणीचं इतिवृत्त आणि शासनाला पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत, माहिती अधिकारात. ३० दिवसांत उत्तर नाही. मध्ये दिवाळी. २२ नोव्हेंबरला प्रथम अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलाच्या सुनावणीनंतर २७ डिसेंबरला कागद मिळाले. या दोन महिन्यांत करण्यासारखं काही नव्हतं आणि लोकांचा धीर सुटत चालला होता.

कागद पाहून राग आला. हरकतींचा गोषवारा म्हणून एक ओळ : 'परिसरातील नागरिकांनी मैदान आवश्यक असल्याचे सांगून विरोध दर्शविला.' शाळेच्या फाटकाचा उल्लेख नाही, तक्त्याचा नाही, निधीच्या जुन्या पत्राचा नाही. प्रस्ताव जसाच्या तसा शासनाकडे शिफारशीसह गेलेला. आमचे सगळे अर्ज आणि जोडपत्रं नस्तीबरोबर पाठवली की नाही हेही त्यातून कळत नाही.

८ जानेवारी २०२४

कलम ३७ मध्ये अंतिम निर्णय नगरपरिषदेचा नाही, राज्य शासनाचा आहे. शासन नगररचना संचालकांचा विचार घेतं आणि मग मंजूर करतं, बदलासह मंजूर करतं किंवा नाकारतं. म्हणजे कागदांना अजून एक दार आहे. पूर्ण संच, पोच असलेल्या प्रतींसकट, तीन ठिकाणी पाठवला : नगररचनेचं जिल्हा शाखा कार्यालय, पुण्याचं संचालनालय, मंत्रालयातला नगर विकास विभाग. वर एका पानाचं पत्र : नगरपरिषदेच्या गोषवाऱ्यात न आलेले मुद्दे, प्रत्येकापुढे जोडपत्राचा क्रमांक. तिन्ही पाकिटं नोंदणीकृत पोस्टाने, पोचपावतीसह.

हे सुनावणी झाल्या झाल्याच करता येतं, इतिवृत्ताची वाट पाहायची गरज नाही. इतिवृत्त नंतर जोडता येतं. पुढच्या कुणासाठी ही सर्वांत उपयोगी सूचना असेल.

२६ फेब्रुवारी, सोमवार

अभिलेख पाहायला गेले तर नस्तीत नवा कागद. मालकांनी १५ फेब्रुवारीला कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, बजावली आहे. योजना अमलात येऊन दहा वर्षं झाली की मालकाला ती देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत नगरपरिषदेने जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होतं, म्हणजे संपतं.

याचा अर्थ असा की कलम ३७ चा प्रस्ताव शासनाने फेटाळला तरी मैदान वाचत नाही. घड्याळ फेब्रुवारी २०२६ पर्यंत चालू आहे. आणि 'पावलं' म्हणजे ठराव करणं किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवणं नव्हे. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हे स्पष्ट केलं आहे, प्रकरण संपादनाच्या घोषणेपर्यंत पोचलं पाहिजे. कित्येक नगरपरिषदा नुसती पत्रं पाठवून निवांत बसल्या आणि आरक्षणं गेली.

संध्याकाळी सगळ्यांना बोलावून हे समजावून सांगितलं. हरकत घेणारे म्हणून आपलं काम संपलं होतं. इथून पुढे आपल्याला नगरपरिषदेच्या मागे लागायचं आहे, जागा घ्या म्हणून.

१३ मार्च

शासनाचं पत्र नगरपरिषदेला आलं. प्रत माहिती अधिकाराशिवाय, सोमवारच्या पाहणीतच वाचायला मिळाली. दोन खुलासे मागितले आहेत : मोकळ्या जागांचा अद्ययावत तक्ता, आणि शाळेच्या मैदानाच्या सार्वजनिक वापराबाबत कागदोपत्री पुरावा. दोन्ही मुद्दे आमच्या पत्रातले. खुलासा येईपर्यंत प्रस्ताव प्रलंबित.

तीन दिवसांनी लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं.

२४ जून

नगरपरिषदेने खुलासा अजून पाठवलेला नाही. पाठवण्यासारखा पुरावा त्यांच्याकडे नाही, असं मला वाटतं.

दरम्यान आम्ही आणि मालक एकत्र बसलो. सुनावणीत त्यांच्या मोबदल्याबद्दल बोललो होतो ते त्यांच्या लक्षात होतं. आता दोघांच्या सह्यांचा एक अर्ज गेला आहे : नगरपरिषदेने भूमी अभिलेख कार्यालयात संयुक्त मोजणीची फी भरावी, पुरवणी अंदाजपत्रकात संपादनासाठी तरतूद करावी, आणि जिल्हा नियोजन समितीकडे निधीची मागणी करावी. त्यांनी खरेदी सूचना मागे घेतलेली नाही, घ्यावी असं आम्ही म्हणालोही नाही. ती सूचना हाच त्यांच्या हातातला एकमेव दाब आहे, आणि आता तो आमच्याही कामाचा आहे.

मोजणीची फी भरल्याची पावती आज नस्तीत पाहिली. मोजणीची तारीख पावसाळ्यानंतरची मिळेल असं भूमी अभिलेखमध्ये सांगितलं. पुढचं काम म्हणजे त्या दिवशी जागेवर हजर राहणं, हद्दीच्या खुणा आणि ओढ्याची कड नकाशात बरोबर येते का ते पाहणं, आणि 'क' प्रतीसाठी (मोजणीच्या नकाशाच्या प्रतीसाठी) त्याच आठवड्यात अर्ज करणं.